स्थिर धरलेली जागा

"ब्रश कोणाकडे आहे?" पुलाच्या कठड्यापलीकडून आईने विचारलं.

"ढब्बूकडे," भिंगरी म्हणाली.

"माझ्याकडे बादली आहे," ढब्बू म्हणाला. "ब्रश शंकासुराकडे."

शंकासुराने वाकून खाली पाण्याकडे पाहिलं. "माझ्याकडे होता. आता नदीकडे आहे."

आई हसायला लागली. पुलाच्या दगडी खांबावर एक छोटा चौथरा होता, त्यावर ती गुडघे टेकून बसली होती. कमरेला दोर, डोक्यावर पिवळं हेल्मेट. "असू दे. नदीलाही कधीतरी दात घासू देत. भिंगरे, तुझा रुमाल दे इकडे."

"माझाच का?"

"कारण तो आधीच मळलाय."

सुट्टीचा पहिला आठवडा होता आणि तिघांना करायला काही नव्हतं, म्हणून भिंगरीच्या आईने तिला आणि तिच्या दोन मित्रांना कामावर आणलं होतं. भिंगरी एका जागी बसत नसे, म्हणून ती भिंगरी. ढब्बू खरं तर काडीसारखा बारीक होता, पण तान्हेपणीच्या एका फोटोत तो ढब्बू दिसत होता आणि त्या फोटोने त्याचा आजवर पिच्छा सोडला नव्हता. शंकासुराचं सोपं होतं. त्याला काहीही सांगा, तो म्हणणार, "कशावरून?"

आई पुसत होती तो तीन पत्र्यांचा एक कोपरा होता. खोक्याचा कोपरा कापून आकाशाकडे तोंड करून ठेवावा तसा. त्यात पक्ष्यांनी घाण केली होती आणि पाणी जायचं भोक पानांनी बुजलं होतं.

"उपग्रह फोटोच काढतो ना?" ढब्बूने बादली वर देत विचारलं. "मग हा डबा कशाला?"

"हा उपग्रह फोटो काढत नाही. हाक मारतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. ढग असोत, अंधार असो, त्याचं काही अडत नाही. या कोपऱ्यावर आपटून हाक सरळ त्याच्याकडेच परत जाते. पुढच्या खेपेला तो पुन्हा हाक मारतो. दोन प्रतिध्वनी शेजारी शेजारी ठेवले की जमीन बोटभर हलली तरी मला ऑफिसात बसून कळतं."

"बोटभर म्हणजे कशापासून बोटभर?" शंकासुर म्हणाला.

आईने हातातलं काम थांबवलं. "बघ, हे मला ऑफिसात कोणी विचारत नाही. एक जागा स्थिर धरायची. ही हलत नाही असं मानायचं. बाकी सगळं तिच्यापासून मोजायचं. मी हा पूल धरलाय."

"कशावरून हलत नाही?"

"याचे पाय खडकात आहेत. मी स्वतः पाण्यात उतरून बघितलेत. सर्दी झाली होती चांगली."

पुलावरून सगळं खोरं दिसत होतं. अलीकडे बाजार, शाळा, घड्याळाचा मनोरा. पलीकडे दगडाची खाण, आणि खाणीतून निघालेल्या मातीचा, चुऱ्याचा राखाडी डोंगर. तो दर वर्षी वाढायचा. त्याच्या पायथ्याशी खाण कामगारांची वस्ती होती आणि वस्तीच्या सगळ्यांत वरच्या ओळीत, डोंगराला पाठ लावून, ढब्बूचं घर होतं. आई त्या डोंगरावरच नजर ठेवून असायची. भूमापन कार्यालयात तिचं ते काम होतं.

घरी येताना तिचे बूट पचपच वाजत होते. वाटेत तिने पाव घेतला. संध्याकाळी बटाटे उकडले, भिंगरीचा रुमाल धुतला. डाग काही निघाला नाही. "उद्या बघू त्याच्याकडे," असं म्हणून तिने तो तसाच वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या जिन्यात ती कोसळली. डोक्यातली शीर फुटली, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

*

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. बाबांचं छपाईचं दुकान होतं. ते पुन्हा उघडलं, यंत्र सुरू झालं, पण बाबा यंत्राशी जितकं बोलत तितकंही माणसांशी बोलेनात. लोक येत, भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवत आणि 'असं व्हायला नको होतं' म्हणत. काय व्हायला नको होतं, ते कोणी उच्चारत नसे. भिंगरीही नाही. जे झालं होतं त्याला एक साधं, दोन अक्षरांचं क्रियापद होतं. ते तिने अजून एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

ढब्बूने एकदाच विचारलं होतं, "तुला बोलायचंय का?"

"नाही."

"बरं," असं म्हणून तो तिच्याशेजारी फुटपाथवर बसून राहिला होता. ढब्बूची ही एक गोष्ट चांगली होती.

मग एके दिवशी डोंगरावरून दगडमाती घसरली आणि वरच्या ओळीतल्या घरांच्या परसात येऊन थांबली. कोणाला लागलं नाही, पण सगळी वस्ती रिकामी करून लोकांना शाळेत आणून ठेवलं. ढब्बूचं कुटुंब सातवी ब च्या वर्गात राहू लागलं. आई, वडील, धाकटी बहीण, दोन गाद्या आणि एक स्टोव्ह.

"भर सुट्टीत शाळेत राहणारा मी जगातला पहिला," ढब्बू म्हणायचा. "आणि गृहपाठ तरीही झालेला नाही."

गुरुवारी दुपारी तिघं बाबांच्या दुकानात होते तेव्हा भूमापन कार्यालयातून एक मोठा नकाशा छापायला आला. भिंतभर फलक हवा होता, सोमवार सकाळपर्यंत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'उपग्रह पाहणी. डोंगर स्थिर. वस्ती सुरक्षित.'

सोमवारी शाळेच्या मैदानात फलक लावून, लोकांना घरांच्या किल्ल्या परत देऊन, ट्रकमध्ये बसवून वस्तीत नेऊन सोडायचं ठरलं होतं.

ढब्बूने पडद्यावरच्या नकाशात आपलं घर शोधून काढलं. सगळं खोरं एकसारखं हिरवं होतं. कोपऱ्यात लिहिलं होतं, खचणारी जागा लाल, बाकी हिरवी. लाल कुठेच नव्हतं.

"हिरवं म्हणजे छान ना?" तो म्हणाला. "आई आजच बोचकी बांधायला घेईल."

"हे बारीक आकडे कसले?" शंकासुर नाक पडद्याला लावून वाचत होता. "तुझ्या घरावर अधिक तीन लिहिलंय. सेंटिमीटर. म्हणजे तुझं घर या महिन्यात तीन सेंटिमीटर वर आलंय."

"वर? घर कसं वर येईल? खालून कोणी जॅक लावलाय का?"

"शाळापण अधिक तीन. मनोरा अधिक तीन."

"तरीच," ढब्बू म्हणाला. "मला रोज पायऱ्या चढताना वाटायचंच."

भिंगरी हसली नाही. तिने पूल शोधला. पुलावरही अधिक तीन लिहिलं होतं. आणि डोंगरावर, वरपासून खालपर्यंत, शून्य.

"सगळं खोरं वर येतंय," ती म्हणाली. "आणि एकटा मातीचा ढिगारा जागच्या जागी उभा आहे."

"हे उलटं वाटतं," शंकासुर म्हणाला. त्याने 'कशावरून' विचारलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

त्याच वेळी यंत्राच्या बाजूने ढब्बूचा आवाज आला. तो एव्हाना तिकडे जाऊन छापून पडलेल्या पाट्या उचलून ठेवत होता. "काका, या दहाच्या दहा पाट्यांवर अक्षरं डावीकडे सरकलीत. शेवटचं अक्षर मधोमध, पहिलं बाहेर."

बाबा उठून आले. छपाईच्या पाटाच्या कडेला दोन खिळे होते. कोरी पाटी त्या खिळ्यांना टेकवून ठेवायची, म्हणजे छपाई नेमक्या जागी होते. बाबांनी एका खिळ्याला बोट लावलं. तो हलला.

"अक्षरं नाही सरकली," ते म्हणाले. दिवसभरातलं हे त्यांचं पहिलं वाक्य होतं. "अक्षरं होती तिथेच आहेत. खिळा सरकलाय."

ते हातोडी आणायला गेले. भिंगरी खिळ्याकडे बघत राहिली. मग ती धावत पडद्याकडे आली आणि नकाशावर काहीतरी शोधू लागली. खाली, सूचनांच्या शेवटी, एक काळा त्रिकोण होता: 'संदर्भबिंदू'. स्थिर धरलेली जागा. तसा त्रिकोण पुलावर असायला हवा होता. पुलावर नव्हता. तो डोंगराच्या खांद्यावर होता, खाणीच्या पाहुणेबंगल्यावर.

"यांनी खिळा बदलला," भिंगरी म्हणाली. "आईने पूल धरला होता. यांनी बंगला धरलाय. आणि बंगलाच डोंगराबरोबर खाली चालला असेल, तर त्याच्या शेजारचा डोंगर त्याला हललेला दिसणारच नाही. उलट सगळं खोरं वर जाताना दिसेल."

शंकासुराने डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे सगळ्या आकड्यांतून तीन वजा. पूल शून्य, शाळा शून्य, ढब्बूचं घर शून्य. डोंगर उणे तीन."

"म्हणजे माझं घर जागेवर आहे," ढब्बू सावकाश म्हणाला, "आणि डोंगर त्याच्याकडे येतोय."

*

भूमापन कार्यालयाचे साहेब हे शंकासुराचे सख्खे काका. त्यामुळे आत जायला कोणी अडवलं नाही. आईच्या खुर्चीवर खोकी रचून ठेवली होती. भिंगरीने तिकडे एकदा पाहिलं आणि मग उरलेला वेळ ती साहेबांच्या शर्टाच्या बटणांकडे बघत बोलली.

साहेबांनी ऐकून घेतलं. ते दुष्ट नव्हते. थकलेले होते, आणि त्यांना वरून दिवसाला चार फोन येत होते की शाळा कधी रिकामी करता.

"बाळ, पुलाचं रंगकाम चाललंय. त्यांनी तो पत्र्याचा कोपरा काढून ठेवलाय. मग काय, मोजणी बंद ठेवायची? नुसता पूल प्रतिमेत अंधुक दिसतो. बंगल्याचं छप्पर ठळक दिसतं, ते धरलं."

"पण पूल वर कसा येईल?"

"हवा दमट असली की असे दोन-चार सेंटिमीटर इकडे तिकडे होतात. वर जाणाऱ्या जागेचा धोका नसतो, म्हणून आम्ही ती हिरवीच ठेवतो."

"काका, दमट हवा फक्त डोंगर सोडून बाकी सगळीकडे होती का?" शंकासुराने विचारलं.

"तू घरी चल, तुला सांगतो."

"आणि बंगला हलत नाही हे कशावरून?"

"अरे, ती टेकडी आहे. तिच्यावर झाडं आहेत. उपग्रह सातशे किलोमीटरवरून बघतोय आणि तुम्ही पाच फुटांवरून मला शिकवताय." मग त्यांचा आवाज खाली आला. "भिंगरी, तुझी आई असती तर... असो. तू घरी जा. बाबांजवळ बस."

तिघं रस्त्यावर आले.

"तुझे काका," ढब्बू म्हणाला, "सोमवारी आमच्या घरी झोपायला येतील का? आम्ही गादी देऊ."

*

शुक्रवारी ते बंगल्यावर गेले. काकांची छत्री तिथे राहिली आहे, असं शंकासुराने राखणदाराला सांगितलं. ते खोटं होतं. पण राखणदाराला सोबत हवी होती. त्या बंगल्यात महिनोन्महिने कोणी फिरकत नसे.

"शोधा, शोधा," तो म्हणाला. "दार जरा ढकला जोरात. अडतं ते. सुताराने दोनदा रंधा मारला, तरी अडतं. खिडकीचंही तेच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

भिंतींना नवा रंग होता. पण स्वयंपाकघरात, खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत, रंगाच्या खालून एक तिरपी रेघ वर आली होती. दिवाणखान्यात दुसरी. "साहेब लोक येणार म्हणून मीच बुजवल्या," राखणदार अभिमानाने म्हणाला. "दोनदा बुजवल्या. पुन्हा येतात मेल्या."

परसात सांडपाण्यासाठी नवा चर खणला होता. ढब्बू त्यात उतरला. वर वीतभर काळी माती आणि गवताची मुळं. त्याखाली राखाडी, टोकदार दगडचुरा. त्याने मूठभर वर आणला. खाणीच्या डोंगराला लहानपणापासून टेकून राहिलेल्या मुलाला तो चुरा कुठला हे कोणी सांगायला नको होतं.

"ही टेकडी नाही," तो म्हणाला. "हा जुना डोंगर आहे. त्यावर गवत उगवलंय एवढंच."

भिंगरीला ओरडावंसं वाटलं. शंकासुर मात्र मान हलवत होता. "भेगा जुन्या असतील. काका तेच म्हणणार. आता, आज, हलतंय का, ते दाखवायला हवं."

त्याची युक्ती अशी होती. बाबांच्या दुकानातल्या पातळ, कडक कागदाच्या पट्ट्या कापायच्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना गोंदाने चिकटवायच्या. भिंत स्थिर असेल तर कागद तसाच राहील. शनिवारी त्यांनी छत्री अजून सापडली नाही असं सांगून पाच पट्ट्या लावल्या. चार भेगांवर. पाचवी शंकासुराने भेग नसलेल्या भिंतीवर लावली.

"ही कशाला?" ढब्बूने विचारलं.

"सगळ्याच फाटल्या तर कागदच वाईट. ही एक राहिली तर भिंत वाईट."

"तू मोठेपणी फार त्रासदायक माणूस होणार आहेस."

"होऊ दे."

रविवारी दुपारी ते वर पोचले तेव्हा राखणदार दारातच कमरेवर हात ठेवून उभा होता. "भिंतीला कागद डकवणारे तुम्हीच का? छत्री कागदाची होती का?"

"काका, तुम्ही हात लावलात त्यांना?" भिंगरीने घाबरून विचारलं.

"मी कशाला लावू? साहेबांच्या घरचा पोरगा, म्हटलं असेल काही शाळेचं."

ती आत धावली. स्वयंपाकघरातली पट्टी मधोमध फाटून दोन तुकडे झाली होती. तुकड्यांच्या मध्ये नखाएवढी फट होती. दिवाणखान्यातली तशीच. उरलेल्या दोन ताणून सुरकुतल्या होत्या आणि एका कडेने उकलत होत्या. कोऱ्या भिंतीवरची पाचवी पट्टी जशीच्या तशी होती.

एका दिवसात. भिंगरीने फटीत नख घालून पाहिलं. तिला एकदम वाटलं की पायाखालची फरशीही चालते आहे, गुपचूप, कोणालाही न सांगता.

"राखणदार काका," ती म्हणाली, "तुम्ही आज इथे झोपू नका."

*

दुकानात बाबा साहेबांचा फलक छापायला लावत होते. भिंगरीने त्यांच्यासमोर फाटलेल्या पट्ट्या ठेवल्या, चुऱ्याची पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. मध्ये शंकासुराने तीन वेळा दुरुस्ती केली. ढब्बू फक्त दाराशी उभा होता, आणि बाबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तिने कुठली जागा धरली होती?" त्यांनी विचारलं.

"पूल."

बाबांनी यंत्राचं बटण दाबून बंद केलं. फलकाचं वीतभर टोक बाहेर आलं होतं, ते कात्रीने कापून टाकलं.

"मग तोच धर," ते म्हणाले.

तिघांनी मिळून प्रत्येक आकड्यातून तीन वजा केले. शंकासुर वाचायचा, भिंगरी भरायची, ढब्बू पुन्हा तपासायचा. बाबांनी साहेबांचाच नियम वापरून रंग भरले: खचणारी जागा लाल, बाकी हिरवी. वरची ओळ त्यांनी पुसली. त्या जागी काय लिहायचं, असं त्यांनी भिंगरीला विचारलं.

"काही नको," ती म्हणाली. "आई कधी वर मोठं लिहायची नाही. ती म्हणायची, लोकांना बघू द्या."

मध्येच शंकासुर म्हणाला, "माझे काका उद्या मला मारतील."

"कशावरून?" ढब्बूने विचारलं.

*

सोमवारी सकाळी शाळेच्या मैदानात बोचकी, गाद्या, स्टोव्ह आणि माणसं अशी रांग लागली होती. टेबलावर किल्ल्या मांडल्या होत्या. फाटकाबाहेर ट्रक उभे होते. साहेब थोडं बोलले, मग त्यांनी बाबांना खूण केली आणि बाबांनी फलकाची दोरी सोडली.

हिरव्या खोऱ्याच्या मध्यभागी डोंगर लालभडक होता. बंगलाही लाल होता.

साहेबांचा चेहरा आधी पांढरा आणि मग फलकावरच्या डोंगरासारखा लाल झाला. "हे काय छापलंत? छपाईची चूक आहे ही. लोकहो, छपाईची चूक आहे."

"काका," गर्दीतून शंकासुर पुढे आला. "आकडे तुमचेच आहेत. फक्त खिळा पुलावर ठोकलाय. तुमच्या नकाशात हा पूल एका महिन्यात तीन सेंटिमीटर वर आलाय. तो का आला, एवढंच सांगा."

"मी तुला सांगितलं होतं की हवा..."

"शाळापण वर आलीय. या सगळ्यांचीच घरं वर आलीत. हे शक्य आहे का, हो किंवा नाही?"

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही. भिंगरीने बंगल्यातल्या पट्ट्यांबद्दल सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक निघत होता की पुढच्या रांगेने मागच्यांना सांगितलं आणि त्यांनी त्यांच्या मागच्यांना. राखणदार म्हणाला, हो, दार अडतं, आणि पोरीच्या सांगण्यावरून काल मी भावाकडे झोपलो.

ढब्बूची आई रांगेत पहिली होती. तिने टेबलावरच्या किल्लीकडे पाहिलं, लाल रंगाकडे पाहिलं, आणि आपल्या बोचक्यावर बसली.

"मी नाही जात," ती म्हणाली.

एकेक करून सगळी रांग खाली बसली.

साहेबांनी फोन काढला. दूरच्या शहरात उपग्रह केंद्र होतं. तिथल्या बाई कच्चे आकडे पाठवायच्या; कुठली जागा स्थिर धरायची, ते इथे कार्यालयात ठरायचं. दोन वाक्यांत पोरांचं तोंड बंद करता येईल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला.

"संदर्भबिंदू कुठे घेतलात?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी सांगितलं.

"त्याच्याखाली खडक आहे?"

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. ढब्बू पुढे झाला आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "चुरा आहे. मी खणून बघितलंय."

पलीकडे कळफलकाचा आवाज. "मी पूल धरून पुन्हा मोजते. तोवर त्या डोंगराखाली एकही माणूस जाऊ देऊ नका. ऐकलंत? एकही."

ट्रक रिकामे परत गेले. साहेबांनी टेबलावरच्या किल्ल्या एका पिशवीत भरल्या. शंकासुराला त्यांनी मारलं नाही. जाता जाता ते फलकासमोर थांबले आणि बराच वेळ पुलाकडे बघत राहिले.

*

बुधवारी दुपारी डोंगर आला.

आधी आवाज नव्हता. बंगल्याचं छप्पर झुकलं, खांद्यावरची झाडं उभ्याउभ्याच चालू लागली, आणि मग तो आवाज आला, जो भिंगरीला पुढे कितीतरी वर्षं ऐकू यायचा. शाळेच्या गच्चीवर सगळी वस्ती उभी होती. राखाडी धुळीचा ढग पायथ्याशी पोचला, पसरला, आणि त्यातून बाहेर काहीच आलं नाही.

धूळ बसायला वेळ लागला. वरच्या तीन ओळी नव्हत्या. त्यांच्या जागी दुसरा, बुटका डोंगर होता.

"तो खांब दिसतोय ना," ढब्बू म्हणाला. "त्याच्या डावीकडे आमचं स्वयंपाकघर होतं." त्याच्या धाकट्या बहिणीने विचारलं की आता ते कधी काढणार. ढब्बूच्या आईने दोन्ही मुलांना इतकं घट्ट धरलं की ढब्बू म्हणाला, "अगं, फासळ्या मोडतील," आणि मग तोही रडायला लागला.

कोणी गेलं नाही. मोजून पाहिलं, पुन्हा मोजून पाहिलं; सगळी माणसं होती. घरं नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुकानात माणसांची रीघ लागली. मुख्याध्यापक आले आणि तिघांचे हात हातात घेऊन काहीच न बोलता गेले. त्यांच्याबाबतीत हे नवलच होतं. राखणदार एक नवीकोरी छत्री घेऊन आला. "सापडली बघा," असं म्हणून त्याने ती शंकासुराला दिली. शेवटी साहेब आले. ते उंबऱ्याशीच उभे राहिले.

"तिच्या जागी मी कोणाला घेतलं नाही," ते बाबांना म्हणाले. "वाटलं, चालेल काम. नकाशे तर येतच होते." मग भिंगरीकडे वळले. "ती पूल का सोडत नव्हती, हे मी तिला कधी विचारलंच नाही. तुम्ही तिघं नसता तर या गावात आज..." शंकासुराने उठून त्यांना खुर्ची दिली. त्यानेही काही विचारलं नाही.

साहेबांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, ऐकलं, आणि भिंगरीपुढे धरला. "केंद्रावरच्या बाई आहेत. त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

"तूच का ती?" बाईंचा आवाज थकलेला, पण मोकळा होता. "मी पूल धरून पुन्हा मोजलं. तुमचा फलक आणि माझा नकाशा शेजारी ठेवले तर फरक सापडत नाही. इथे माझ्याकडे तुझ्या दुप्पट वयाची माणसं आहेत, त्यांना मी तो दाखवलाय. संदर्भबिंदू म्हणजे काय, हे तुला शिकवलं कोणी?"

"आईने."

"म्हणजे ती भूमापनातली? पुलाची? अरे देवा, तू तिची मुलगी. दोन वर्षं मी तिच्याशी फोनवर भांडतेय आणि प्रत्येक वेळी हरतेय. आमची गाठ कधी पडली नाही. हल्ली फोनच नाही तिचा. मला वाटलं, चिडली की काय." बाई हसल्या. "तिला दे ना फोन. म्हणावं, ती जिंकली, हे मला स्वतः सांगायचंय."

भिंगरीने मान वर केली. साहेब जमिनीकडे बघत होते. त्यांनी केंद्राला कळवलंच नव्हतं. यंत्र बंद करून बाबा जवळ आले होते आणि त्यांनी फोनसाठी हात पुढे केला होता. हे तुला सांगायला नको, मी सांगतो, असा तो हात होता.

तिने मानेनेच नाही म्हटलं. ढब्बू बाकावरून उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "आहेस ना?"

"आहे," भिंगरी म्हणाली. तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "बाई, माझी आई मेली."